लिव्हरचा कॅन्सर, चक्कर आणि गोंधळलेलं डोकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिव्हरच्या कॅन्सरचे मोठे उपचार मुंबई-पुण्याला होतात. पण दोन तारखांच्या मधल्या तीन आठवड्यांत येणारी चक्कर, बरळणं, तोल जाणं हे सगळं घरी घडतं, आणि मग तालुक्याच्या गावी माझ्यासारख्या फिजिशियनला मेसेज येतात. बहुतेक मुलांचे आणि सुनांचे, रुग्णाचे क्वचितच. खालचे प्रश्न त्यांतलेच आहेत. नावगाव काढलंय आणि सारखे प्रश्न एकत्र केलेत. काय चाललं असावं याचा अंदाज यातून येईल, औषध बदलायचं ते मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. घाईत असाल तर आधी प्रश्न १८ वाचा.

१. बाबांना लिव्हरचा कॅन्सर आहे आणि आठवडाभर चक्कर येते. कॅन्सर मेंदूत गेला का?

बहुतेक वेळा नाही. लिव्हरच्याच पेशींतून उगवणारा कॅन्सर (रिपोर्टात 'हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा' किंवा नुसतं 'एचसीसी' लिहिलेलं असतं) पसरला तर आधी फुप्फुसं, पोटातल्या लसिका गाठी आणि हाडं गाठतो. मेंदूत जाणारे शंभरात एक-दोन, तेही बहुधा फुप्फुसात गाठी दिसून झाल्यावर.

मग चक्कर कुठून आली? एचसीसीच्या बहुसंख्य रुग्णांत कॅन्सरच्या आधीपासून सिरोसिस असतो. हिपॅटायटिस बी, सी, दारू किंवा चरबीमुळे लिव्हर वर्षानुवर्षं निबर होत गेलेलं असतं. एका माणसात दोन आजार नांदत असतात, आणि डोक्याला त्रास देणारा बहुधा दुसरा असतो. रक्तदाब, साखर, सोडियम, अमोनिया, औषधं यांचा हिशेब आधी लावायचा, मेंदूचा फोटो नंतर.

एक अपवाद. स्तनाचा, फुप्फुसाचा किंवा आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये उतरला तरी घरात त्याला 'लिव्हरचा कॅन्सर'च म्हणतात. स्तनाचा आणि फुप्फुसाचा मेंदूत बराच जास्त वेळा जातो. फाइलच्या पहिल्या पानावर मूळ निदान काय लिहिलंय ते वाचून घ्या. उत्तर त्यावर फिरतं.

२. चक्कर ती चक्कर. डॉक्टर एवढं खोदून खोदून का विचारतात?

कारण आपण एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी कोंबतो. मराठीत खरं तर शब्दांची चंगळ आहे, वापरायचा कंटाळा असतो. गरगरणं म्हणजे पंखा, भिंत, पलंग फिरतोय असं वाटणं. हे कानाच्या आतल्या भागातून किंवा लहान मेंदूतून येतं. अंधारी, भोवळ, घेरी म्हणजे आता पडणार असं वाटणं; इथे रक्तदाब, रक्त किंवा साखर कमी पडलेली असते. तोल जाणं, म्हणजे बसल्यावर ठीक आणि चालताना झोकांड्या. हे लहान मेंदू, मज्जारज्जू किंवा पायांच्या नसांचं दुखणं. आणि चौथं, डोकं जड होणं, सुचेनासं होणं, यालाही लोक चक्करच म्हणतात.

एक आजोबा दोन आठवडे चक्करच्या गोळ्या घेत होते. मी विचारलं, "पंखा फिरतो की तुम्ही फिरता?" ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "फिरत काहीच नाही. शब्द सापडत नाही." त्यांच्या कानाला काही झालेलं नव्हतं. अमोनियाचा त्रास होता (प्रश्न ६), आणि गोळ्यांनी तो वाढवला होता.

डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा: नेमकं काय होतं, किती सेकंद किंवा मिनिटं टिकतं, काय केल्यावर सुरू होतं.

३. अंथरुणात कूस बदलली की घर फिरतं, अर्ध्या मिनिटात थांबतं. हे कॅन्सरचं आहे का?

हे वर्णन जवळपास नेहमी कानाचं असतं. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात. ते जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की डोकं विशिष्ट बाजूला वळवताच सगळं गरगरतं, आणि मिनिटभरात शांत होतं. हे कोणालाही होतं. महिनोन्‌महिने एका कुशीवर पडून असलेल्या माणसाला थोडं जास्त. कॅन्सर आहे म्हणून माणसाला साधे आजार व्हायचे थांबत नाहीत, हे नातेवाईक विसरतात आणि खरं सांगायचं तर कधी कधी आम्हीही.

याला गोळीपेक्षा 'एप्ली मनुव्हर' नावाची, डोकं ठरावीक क्रमाने वळवण्याची पद्धत चांगली लागू पडते. पण यूट्यूब बघून घरी करू नका. मानेच्या मणक्यात कॅन्सर उतरलेला असेल तर मान झटक्याने वळवणं महागात पडतं. करणाऱ्या डॉक्टरांना हाडांच्या स्कॅनचा रिपोर्ट आधी दाखवा.

गरगरणं तासन्‌तास टिकलं, सोबत एकाच्या जागी दोन दिसू लागलं, बोलणं अडखळलं किंवा उभंच राहता येईना, तर ते कानाचं समजू नका.

४. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. अशक्तपणा म्हणून सोडून द्यायचं का?

नाही. आधी घरचं बीपीचं मशीन काढा. पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर उभं राहिल्यावर दाब पडतोय हे पक्कं.

कारण बहुतेकदा औषधांच्या डब्यातच सापडतं. पोटातलं पाणी आणि पायाची सूज उतरवायला स्पायरोनोलॅक्टोन, फ्युरोसेमाइड ही लघवीची औषधं असतात, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटू नयेत म्हणून प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्वेडिलॉल. सगळी योग्यच. पण रुग्णाला दोन दिवस उलट्या झाल्या, जेवण सुटलं, तरी घरचे नेमाने तोच डोस देत राहतात. अशा दिवशी पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

पोटातलं पाणी सुईने काढून आणल्यानंतर दोन-तीन दिवसांत अशी अंधारी आली, तर किती लिटर काढलं आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) दिलं होतं का ते डिस्चार्ज कार्डावर बघा. पाच लिटरपेक्षा जास्त काढलं तर काढलेल्या प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून द्यायचं असतं. बाटली महाग असते, आणि कधी कधी तिथेच काटकसर होते.

आणि शौचाचा रंग विचारा. डांबरासारखी काळी, चिकट शी म्हणजे आत रक्त वाहतंय. लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण ती चिकट नसते आणि तिला तो उग्र वास नसतो. शंका असली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

५. पहाटे घाम फुटतो, हात थरथरतात, बाबा काहीतरीच बोलतात. चहा-बिस्कीट दिलं की ठीक. मधुमेह नसताना साखर कशी उतरेल?

उतरते. रात्रभर पोट रिकामं असताना रक्तातली साखर टिकवून धरणं हे लिव्हरचं काम, आणि लिव्हरच कामातून गेलेलं असतं. शिवाय मोठ्या गाठी कधी कधी इन्सुलिनसारखं वागणारं द्रव्य रक्तात सोडतात.

ग्लुकोमीटर घ्या, आणि त्रास चालू असताना मोजा. चहा पाजून झाल्यावरचा आकडा काही सांगत नाही. ७० च्या खाली असेल आणि रुग्ण गिळू शकत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. गिळत नसेल तर तोंडात काही ओतू नका, दवाखान्यात हलवा. रोजचा उपाय म्हणजे झोपण्याआधी काहीतरी पोटभरीचं: दूध-पोहे, भाकरी-दूध, शिरा. मधुमेहाच्या जुन्या गोळ्या चालू असतील तर त्या आता जास्त ठरताहेत का, हे डॉक्टरांना विचारा. कितीतरी घरांत दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी तशीच चालू असते.

६. आई दिवसभर झोपते, रात्री टक्क जागी. परवा चहात मीठ घातलं. वयामुळे असेल ना?

वय एका आठवड्यात वाढत नाही. लिव्हरचा आजार असलेल्या माणसाची झोप उलटी झाली तर 'हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी' धरून चाला. मराठीत आम्ही 'लिव्हरमुळे मेंदूवर आलेली गुंगी' म्हणतो.

आतड्यात जंतू अन्नावर काम करतात तेव्हा अमोनिया तयार होतो. चांगलं लिव्हर तो युरिया करून लघवीवाटे घालवतं. सिरोसिसमध्ये पेशी कमी पडतात, शिवाय निबर लिव्हरमधून वाट न मिळालेलं रक्त आडवाटेच्या शिरांनी लिव्हर टाळून थेट पुढे निघतं. अमोनिया मेंदूत पोचतो, तिथल्या आधारपेशी तो शोषून घेतात आणि फुगतात. माणूस आधी चिडचिडा किंवा उगाच हसरा होतो, मग विसराळू, मग वेळकाळ चुकू लागतो, मग झोपाळू, आणि शेवटी हाक मारूनही उठत नाही. डॉक्टर याच्या चार पायऱ्या मोजतात.

ही गुंगी बहुतेकदा आपोआप येत नाही, काहीतरी तिला ढकलतं. सगळ्यात नेहमीचं कारण बद्धकोष्ठता. मग जंतुसंसर्ग: पोटातल्या पाण्यात, लघवीत, छातीत. मग आतला रक्तस्राव, जास्त झालेली लघवीची औषधं, उतरलेलं पोटॅशियम किंवा सोडियम, झोपेची गोळी. ढकलणारं कारण सापडलं आणि दूर झालं तर माणूस दोन-तीन दिवसांत ओळखीचा होतो. एक सून सांगत होती, सासूबाई शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलल्या ते "गॅसवर दूध कोणी ठेवलंय?" घरात सगळे रडले म्हणे.

असंच दिसणारी इतर कारणंही आहेत: साखर (प्रश्न ५), डोक्याला मार (प्रश्न १३), सोडियम (प्रश्न १४), दारू (प्रश्न १५). रक्तात वाढलेलं कॅल्शियमही तेच करतं. तहान, बद्धकोष्ठता आणि गुंगी असं त्रिकूट दिसलं की कॅल्शियमची तपासणी सांगायला लावा.

७. गुंगी सुरू होतेय हे घरच्या घरी लवकर ओळखता येतं का?

येतं, आणि डॉक्टरांपेक्षा घरच्यांना आधी कळतं. एक वही करा. रोज सकाळी रुग्णाला त्यात तारीख घालून सही करायला सांगा. पंधरा दिवसांच्या सह्या एकाखाली एक आल्या की शाळेत न गेलेल्या माणसालाही फरक दिसतो: अक्षरं ओळीवरून घसरतात, आडनावाचं शेवटचं अक्षर गळतं. सही येत नसेल तर पाच टोकांची चांदणी काढायला द्या.

दुसरी चाचणी, घड्याळ लावून एका मिनिटात प्राण्यांची नावं सांगायला लावणं. गाय, म्हैस, बैल, कोल्हा, काहीही चालेल. दहाच्या आत गाडी अडली तर लक्ष द्या. कालपर्यंत अठरा सांगणारा माणूस आज अकरावर थांबला तरीही.

तिसरी, दोन्ही हात समोर पसरून, पंजे ट्रॅफिक पोलिसासारखे वर उभे धरायला सांगा. अर्ध्या मिनिटात पंजे पक्ष्याच्या पंखासारखे फडफडून खाली पडत असतील, तर त्या दिवशीच दाखवा.

८. लॅक्टुलोजने जुलाब होतात. आधीच एवढं अशक्त माणूस, म्हणून आम्ही बंद केलं. चाललं का?

नाही चाललं, आणि पुन्हा गुंगी येऊन ॲडमिट होण्याचं हे नेहमीचं कारण आहे. लॅक्टुलोज इथे नुसतं पोट साफ करायला दिलेलं नसतं. ते मोठ्या आतड्यात आम्ल तयार करतं, अमोनिया तिथेच अडकतो आणि शौचावाटे जातो.

दिवसाला २ ते ३ वेळा मऊ शौचाला झालं पाहिजे, हे माप. एकच झाली तर डोस वाढवायचा, चार-पाच पातळ झाल्या तर कमी करायचा. हे रोजचं कमी-जास्त करायची मुभा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, म्हणजे दर वेळी फोन नको. जुलाब होत असताना तसंच दामटलं तर शरीरातलं पाणी आणि क्षार जाऊन गुंगी उलट वाढते. गोडमिट्ट चव सहन होत नसेल तर ताकात किंवा लिंबूपाण्यात मिसळा. गुंगी पुन्हा पुन्हा येत असेल तर सोबत रिफॅक्सिमिन ही आतड्यातल्या जंतूंवरची गोळी ५५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. ती लॅक्टुलोजच्या जोडीला असते, बदली नव्हे.

९. अमोनियाचा रिपोर्ट वाढलेला आला, पण काका ठीक आहेत. आणि मावशी गुंगीत असताना तिचा थोडाच वाढलेला होता. हे कसं?

अमोनियाच्या आकड्यावर उपचार ठरत नाहीत, माणसावर ठरतात. नमुना बर्फात ठेवून तातडीने तपासावा लागतो. नळी टेबलावर पडून राहिली तरी आकडा चढतो. गुंगी किती खोल आहे हेही आकडा सांगत नाही. त्याचा खरा उपयोग उलटा: माणूस गुंगीत आहे आणि अमोनिया अगदी नॉर्मल आला, तर दुसरं कारण शोधा. दर आठवड्याला ही तपासणी करून पैसे घालवू नका.

१०. डाळ, अंडी, मासे बंद करायला सांगितलंय. मग खायचं काय?

हा सल्ला जुना आहे आणि अजून फिरतोय. प्रथिनं तोडली की स्नायू झिजतात, आणि लिव्हर थकल्यावर अमोनिया आवरायला स्नायूच मदत करतात. आजचं माप वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. मूग, मसूर, दही, पनीर, अंडं, मासे, सगळं चालतं. मटणापेक्षा डाळी आणि दूधदुभतं जास्त मानवतं, एवढंच.

उपवास मात्र थांबवा. एकादशी, श्रावणी सोमवार, चतुर्थी, काहीही असो. दिवसा तीन-चार तासांच्या वर पोट रिकामं नको आणि रात्री झोपताना खाणं हवंच. एका आजींना हे पटेना, तेव्हा देवळातल्या गुरवांकडून निरोप आणवला. लगेच पटलं. मिठाचं पाणी द्यायचं का, हा वेगळा विषय, प्रश्न १४ मध्ये आहे.

११. मेडिकलमधून चक्करची किंवा झोपेची गोळी आणून दिली तर?

नको. चक्करवर सर्रास मिळणारी प्रोक्लोरपेराझिन आणि सिनॅरिझिन दोन्ही गुंगी आणतात, आणि पहिलीने हातपाय, जबडा आखडू शकतो. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, झोल्पिडेम ही झोपेची औषधं आजारी लिव्हर वेळेत बाहेर टाकू शकत नाही. एका गोळीची गुंगी दोन दिवस रेंगाळते, आणि मग ती गोळीची की अमोनियाची हे कोणालाच सांगता येत नाही. खोकल्याची आणि ॲलर्जीची झोप आणणारी औषधंही याच रांगेतली.

वेदनेसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, कॉम्बिफ्लाम टाळा. मूत्रपिंड बसतं आणि रक्तस्राव होतो. लोक पॅरासिटामॉलला घाबरतात, पण दिवसाला २ ग्रॅमच्या आत (५०० ची गोळी जास्तीत जास्त चार) ते बहुतेकांना यांच्यापेक्षा सुरक्षित. ॲमिकासिन, जेंटामायसिन ही इंजेक्शनं मूत्रपिंडाला आणि आतल्या कानाला कायमची इजा करू शकतात. तापासाठी गावात इंजेक्शन देणार असतील तर नाव विचारा.

१२. कॅन्सरच्या औषधांनीच चक्कर येत असेल का?

येऊ शकते, आणि औषध कोणतं यावर कारण बदलतं.

सोराफेनिब आणि लेन्व्हाटिनिब या गोळ्या रक्तदाब वाढवतात. गोळी सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे घरी रोज बीपी लिहून ठेवा. डोकं ठणकणं, दिसेनासं होणं, फिट येणं हे फार चढलेल्या दाबामुळे मेंदूला आलेल्या सुजेचं लक्षण असू शकतं; औषध थांबवून लगेच रुग्णालय. या गोळ्यांनी थायरॉइडही मंदावतो, आणि माणूस हळूहळू सुस्त होतो तेव्हा सगळे कॅन्सरला बोल लावतात. लेन्व्हाटिनिब घेताना प्रश्न ६ मधली गुंगीही येऊ शकते.

ॲटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही शिरेतून देण्याची जोडी आता बऱ्याच ठिकाणी पहिली दिली जाते. बेव्हासिझुमॅबने रक्तस्राव आणि पक्षाघात दोन्हींचा धोका थोडा वाढतो, म्हणून आधी एन्डोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या शिरा तपासतात. ॲटेझोलिझुमॅब, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं इम्युनोथेरपीचं औषध, मात्र वेगळ्या वाटेने फसवतं: तीच प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरातल्या, संप्रेरकं बनवणाऱ्या पिट्युटरी किंवा ॲड्रिनल ग्रंथीवर उलटते. अंधारी, कमी बीपी, कमी सोडियम, कमी साखर, भूक गेलेली. हे औषध संपून महिने उलटल्यावरही होतं. रक्तातलं कॉर्टिसॉल (ॲड्रिनलचं संप्रेरक) तपासलं तर सापडतं, आणि स्टिरॉइड दिलं की माणूस दोन दिवसांत उठून बसतो. गावात नव्या डॉक्टरांना दाखवताना 'इम्युनोथेरपी झाली आहे' हे वाक्य पहिल्यांदा बोला.

गाठीची रक्तवाहिनी बंद करण्याचा उपचार, म्हणजे 'टेस', झाल्यावर चार-पाच दिवस ताप, पोटदुखी, मळमळ येते आणि न खाल्ल्याने अंधारीही. ते ओसरतं. पण टेसनंतर काही तासांतच गोंधळ किंवा एका बाजूची कमजोरी आली तर रुग्णालय सोडू नका.

१३. न्हाणीघरात पडले, कपाळावर टेंगूळ आलं, पण बोलतायत नीट. सीटी करायलाच हवं का?

या रुग्णांत हो, जवळजवळ नेहमी. सिरोसिसमध्ये प्लेटलेट कमी असतात आणि रक्त गोठवणारे घटक लिव्हर पुरेसे बनवत नाही. कवटीच्या आत शिर फुटली तर रक्त हळूहळू साचत राहतं. दोन-तीन आठवड्यांनी माणूस गुंगीत जातो आणि सगळे अमोनिया म्हणून लॅक्टुलोज वाढवत बसतात. मी स्वतः एकदा हे केलंय, चार दिवस. सीटी केल्यावर दिसलं. तेव्हापासून गुंगीतल्या प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना विचारतो: "महिनाभरात कुठे पडले होते का?" उत्तर पहिल्यांदा 'नाही' येतं आणि दहा मिनिटांनी 'हां, एकदा' येतं.

१४. सोडियम १२४ आलंय. मिठाचं पाणी देऊ का?

नाही. रक्तात मीठ कमी झालंय असं या रिपोर्टातून वाटतं, पण शरीरात बहुतेकदा पाणी जास्त झालेलं असतं. मीठ दिलं की पोट आणखी फुगतं. डॉक्टर सहसा लघवीची औषधं थांबवतात, पाण्यावर मर्यादा घालतात, कधी अल्ब्युमिन देतात. उलट्या-जुलाबांनी उतरलं असेल तर उपचार वेगळा, म्हणून घरी ठरवू नका. आणि रुग्णालयात 'लवकर वाढवा' असा आग्रह धरू नका: २४ तासांत ८ पेक्षा जास्त वाढवलं तर मेंदूच्या देठाला कायमची इजा होऊ शकते.

१५. दारू सुटून महिना झाला, तरी नवऱ्याच्या झोकांड्या जातात. लपून पितात का?

संशय घेण्याआधी डोळे बघा. बुबुळं थरथरतात, एक डोळा बाजूला वळत नाही, पाय फाकवून चालतात, बोलण्यात गोंधळ, यांतली दोन जरी असली तरी ते व्हिटॅमिन बी-१, म्हणजे थायमिन, संपल्याचं लक्षण असू शकतं. वर्षानुवर्षं दारू आणि अर्धपोटी जेवण यांनी साठा संपतो. कॅन्सरच्या उलट्यांनी तर दारू न पिणाऱ्याचाही संपतो. उपाय स्वस्त आहे, शिरेतून थायमिन, पण त्याच दिवशी हवा. ग्लुकोजची बाटली लावणार असतील तर थायमिन तिच्या आधी किंवा सोबत द्यावं, कारण नुसत्या ग्लुकोजने उरलासुरला साठाही खर्ची पडतो. उशीर झाला तर स्मरणशक्ती परत येत नाही.

१६. डोक्यात काही बिघडलेलं नाही, पण दोन दिवसांपासून पाय उचलत नाहीत. थांबून बघू का?

एक दिवसही नको. एचसीसी मणक्यात उतरतो. आधी पाठ दुखते, आडवं पडल्यावर जास्त. मग पाय जड होतात, बधिरपणा पोटापर्यंत चढतो, लघवी तुंबते. मज्जारज्जू दाबला जातोय, आणि चालता येत असताना उपचार मिळाला तर पुढेही चालता येण्याची शक्यता बरीच जास्त. संपूर्ण मणक्याचा एमआरआय, स्टिरॉइड, मग रेडिएशन किंवा शस्त्रक्रिया. कवटीच्या तळाच्या हाडात उतरला तर एक पापणी पडते, दोन दोन दिसतं किंवा गिळायला त्रास होतो, तेव्हा मेंदूसोबत कवटीच्या तळाचाही एमआरआय मागा.

पाय हळूहळू, महिनोन्‌महिने ताठर होत गेले आणि एमआरआयमध्ये कुठेही दाब नाही, असंही एक दुर्मीळ दुखणं सिरोसिसमुळेच होतं. ते लॅक्टुलोजने फारसं सुधारत नाही.

१७. फिट आली तर काय करायचं?

कुशीवर वळवा, तोंडात चमचा-कांदा काही घालू नका, वेळ बघा, साखर मोजा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. या रुग्णांत फिट म्हणजे बहुधा साखर, सोडियम, डोक्यातला रक्तस्राव किंवा क्वचित मेंदूतली गाठ, त्यामुळे थांबली तरी दाखवावंच लागतं. फिटसाठी व्हॅल्प्रोएट देऊ लागले तर लिव्हरचा आजार सांगा. ते लिव्हरला जड जातं आणि अमोनिया वाढवतं. लेव्हेटिरासिटाम सहसा चालतं.

१८. रात्री कधी थांबायचं नाही?

हाक मारून, हलवून नीट जाग येत नाही. रक्ताची उलटी किंवा डांबरी शी. अचानक पोटात असह्य कळ येऊन अंग गार पडलं (लिव्हरवरची गाठ फुटली असू शकते). तोंड वाकडं, एक हात पडला, बोलणं तुटलं. ताप आणि गुंगी एकत्र. पाय गेले किंवा लघवी तुंबली. यातलं काहीही असेल तर १०८ लावा आणि परळच्या टाटा हॉस्पिटलची तारीख पुढच्या आठवड्यात आहे म्हणून वाट बघू नका. जवळच्या मोठ्या रुग्णालयात आधी सावरा. सोबत फाइल, औषधांचा पूर्ण डबा आणि शेवटचे रक्त-लघवीचे रिपोर्ट घ्या. डब्याचा फोटो आजच काढून फोनमध्ये ठेवा.

१९. लिव्हर ट्रान्सप्लांट झालं, अमोनियाचा प्रश्न मिटला. मग आता हात का थरथरतात?

बहुधा टॅक्रोलिमसमुळे. नवं लिव्हर नाकारलं जाऊ नये म्हणून ते देतात. हातांना कंप, डोकेदुखी, झोप न लागणं हे त्याचे नेहमीचे त्रास, आणि रक्तातली पातळी जास्त झाली की वाढतात. पातळी तपासून घ्या, स्वतः डोस कमी करू नका. गोंधळ किंवा फिट आली तर प्रश्न १८ सारखंच धावा.

२०. बाबा स्कूटर चालवायचा आणि बँकेत सही करायचा हट्ट धरतात.

गुंगी एकदा येऊन गेली असेल तर गाडी बंद, डॉक्टर लेखी हो म्हणेपर्यंत. माणूस बोलायला ठीक वाटला तरी ब्रेक दाबायला लागणारा क्षण लांबलेला असतो. भांडण नको असेल तर दोष डॉक्टरांवर ढकला, आम्हाला सवय आहे.

सहीचं वेगळं. मृत्युपत्र, नॉमिनी, जमिनीचे कागद हे डोकं स्वच्छ असलेल्या दिवसांत, शक्यतो सकाळी, साक्षीदार आणि डॉक्टरांचा दाखला घेऊन उरकून टाका. गुंगीच्या दिवशी घेतलेली सही पुढे भावंडांत कोर्टापर्यंत जाते.

२१. डॉक्टर म्हणाले, आता कॅन्सरवर उपचार नाही. आई सारखी गुंगीत असते. प्रत्येक वेळी ॲडमिट करायचं का?

प्रत्येक वेळी नाही. पण तीन साध्या गोष्टी घरीच बघा: शौचाला कधी झालं, लघवी तुंबली आहे का, साखर किती. यांतलं काही निघालं तर सुधारल्यावर एखादा आठवडा बोलण्याचा मिळतो, आणि त्या आठवड्याची किंमत घरच्यांनाच कळते. गिळता येतंय तोवर लॅक्टुलोज चालू ठेवा. गिळता येत नसेल तर चमच्याने काहीही घशात ओतू नका, ते फुप्फुसात जातं. लॅक्टुलोजचा एनिमा देता येतो, नर्सकडून शिकून घ्या. ओठ ओले ठेवा, दर दोन तासांनी कूस बदला.

पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारी, टीम आत्ताच जोडून घ्या, शेवटच्या रात्री शोधू नका. पुन्हा रुग्णालयात न्यायचं की घरीच ठेवायचं, हे आई स्वच्छ असेल तेव्हा तिलाच विचारा. आणि शेवटच्या दिवसांत ती फार तळमळत असेल, अंथरूण ओढत असेल, तर प्रश्न ११ मधला झोपेच्या औषधांबद्दलचा नियम इथे लागू होत नाही. तेव्हा पॅलिएटिव्ह डॉक्टर शांत करणारं इंजेक्शन देतील. ते देऊ द्या.